रंग आधी की आकार आधी? चामड्याच्या थैलीतला जातीचा इतिहास

दरेकसा (ता. सालेकसा, जि. गोंदिया) येथील एका तरुणाने आम्हाला विचारले : चामडे ओले करून लाकडी साच्यावर बसवायचे आणि मोबाईलची थैली करायची आहे, तर रंग केव्हा द्यायचा? त्याच्या मित्राने त्याला तिथेच झापले, "बाबासाहेबांनी हे काम सोडायला सांगितले आणि तू पुन्हा चामड्याला हात लावतोस?" उत्तर दोघांनाही दिले पाहिजे.

आधी पहिल्याला. हे काम बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेल्या चामड्यावरच नीट होते. 1884 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या क्रोम पद्धतीचे चामडे मऊ व लवचिक असते, ते दिलेला आकार धरत नाही. चामडे पाण्यात भिजवावे, वरचा ओलसरपणा थोडा उतरू द्यावा, मग साच्यावर दाबून सावलीत वाळवावे. रंग त्यानंतर द्यावा. आधी रंगवले तर भिजवताना कच्चा रंग सुटतो आणि ताणलेल्या कोपऱ्यांवर फिका पडतो. मात्र रंग चिकटवण्याच्या व शिवण्याच्या आधी हवा, कारण सरस लागलेल्या जागी रंग चढत नाही. तेल-मेण सर्वांत शेवटी. पाण्यातला रंग आकार सैल करतो, म्हणून रंग वाळेपर्यंत साचा आतच ठेवावा. काळ्या रंगासाठी हिराकस लावतात. त्यातले लोह आणि चामड्यातले तुरट द्रव्य एकत्र आले की काळा रंग तयार होतो.

हे रसायनशास्त्र आहे. मग ते जाणणारा माणूस अडाणी कसा ठरला?

आपल्या गावगाड्याकडे पाहा. मेलेले जनावर ओढणारा महार, कातडे कमावणारा ढोर, शिवणारा चांभार. काम एकच, पण त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला एक जात चिकटवली आणि एकाला दुसऱ्यापेक्षा नीच ठरवले. जात म्हणजे कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये दाखवून दिले. त्यांची ही मांडणी चामड्याइतकी स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. गावाचे मळे चामड्याच्या मोटेने भिजले. तेल-तूप चामड्याच्या बुधल्यात राहिले. देवळात मृदंग वाजला तो कातड्यावरच. वस्तू चालली, ती घडवणारा मात्र विटाळ!

आता दुसऱ्या मित्राला. 19-20 मार्च 1927 च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस खाणे आणि मेलेली जनावरे ओढणे सोडा, असे सांगितले. 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले. लढा कशाविरुद्ध होता? जन्माने गळ्यात पडलेल्या, नकार देता न येणाऱ्या कामाविरुद्ध. हुनराविरुद्ध नव्हे. दरेकसा पूर्वी ज्या भंडारा जिल्ह्यात होते, त्याच भंडाऱ्यातून 1954 ची पोटनिवडणूक बाबासाहेबांनी लढवली. या भागातल्या तरुणांनी हा फरक विसरून कसे चालेल?

पण सावध राहिले पाहिजे. 1930 च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीवाद्यांनी चर्मालय चालवले. आश्रमातल्या शिकलेल्या कार्यकर्त्याने कातडे कमावले की ती सेवा, आणि तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा अस्पृश्य! कामाचे गोडवे गायल्याने जात जात नाही. जुलै 2016 मध्ये गुजरातमध्ये उना येथे मेलेल्या गायीचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना अमानुष मारहाण झाली. तेव्हा सुरेंद्रनगरच्या बांधवांनी मेलेली जनावरे सरकारी कार्यालयापुढे आणून टाकली. नकार देण्याची ही ताकद महाडचीच आहे.

आणि कौशल्याची किंमत कोण घेतो? 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशीच चप्पल दाखवली, तीही कोल्हापूरचे नाव न घेता. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. ज्या कामामुळे आपल्याला गावाबाहेर ठेवले, त्याच कामावर दुसरे बाजार मांडतात.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. चामड्याचे काम करायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या तरुणाचा. जात सांगते म्हणून करू नये आणि जातीची लाज वाटते म्हणून सोडूही नये. करायचे तर शिकून करावे, दर स्वतः ठरवावा, मालावर आपले नाव टाकावे आणि ज्या मित्राला हे काम नको त्याच्या नकाराचाही मान राखावा. दरेकशाच्या त्या दोन मित्रांत भांडण नाही. एकाकडे हुनर आहे, दुसऱ्याकडे स्वाभिमान. चळवळीला दोन्ही हवेत.

जय भीम!