वेडाचा दाखला आणि त्यावरची शंका

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी हिंदुस्थानभर खानेसुमारी झाली. सोलापूर जिल्हा तेव्हा १८७६-७८ च्या दुष्काळातून जेमतेम उठून बसला होता. असंख्य माणसे मेली होती, कितीतरी कुटुंबे मुलूख सोडून गेली होती, आणि मागच्या खानेसुमारीपेक्षा या वेळी डोकी कमीच भरली. दारोदार फिरणाऱ्या गणकाच्या कागदावर नाव, वय, जात, धंदा यांच्या जोडीला आणखी एक रकाना होता: घरात कोणी वेडा, मुका-बहिरा, आंधळा किंवा महारोगी आहे काय? आंधळा माणूस दारातून दिसतो. वेडा कसा ओळखायचा? गणकाला त्याचे शिक्षण नव्हते, आणि घरोघर थांबायला वेळही नव्हता. कर्ता पुरुष सांगेल ते तो लिहून घेई. दुष्काळात दोन मुले गमावून गप्प झालेली बाई त्या रकान्यात बसली की नाही, हे तिच्या सासऱ्यावर अवलंबून. पुढे या नोंदींची बेरीज होई, आकडा इंग्रजीत छापला जाई, आणि छापला की तो सरकारी सत्य होऊन जाई.

मनोविकाराच्या निदानाबद्दल आज अनेकांच्या मनात अविश्वास आहे. निदान खरे कशावरून, गोळ्या कोणाच्या सोयीसाठी, 'हिचे डोके ठिकाणावर नाही' असे म्हणण्यात घरच्यांचा काय फायदा, असे प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारलेच पाहिजेत. पण हा अविश्वास आपल्याकडे नवा नाही. त्या खानेसुमारीच्या वर्षीच, सोलापूरपासून फार लांब नसलेल्या कोल्हापुरात, एका तरुणाच्या वेडाबद्दल महाराष्ट्राने जाहीर शंका घेतली होती. त्या शंकेचे काय झाले ते कागदोपत्री शाबूत आहे.

हा तरुण म्हणजे करवीरचे, म्हणजेच कोल्हापूरचे छत्रपती, चौथे शिवाजी महाराज. जन्म ५ एप्रिल १८६३, मूळचे नाव नारायणराव. आधीचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडची सफर करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्सला वारले. त्यांना मूल नव्हते. १८७१ मध्ये आठ वर्षांचे नारायणराव दत्तक आले आणि शिवाजी झाले. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले तेव्हा भेटीला आलेल्या संस्थानिकांत हा बारा वर्षांचा मुलगा होता. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात तेराव्या वर्षी त्याला के. सी. एस. आय. हा किताब मिळाला. आईबापांपासून तुटलेले, गोऱ्या शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि पोलिटिकल एजंटाच्या मर्जीने चाललेले बालपण होते ते. दिल्लीहून परतल्यानंतरच्या वर्षांत त्याच्या मनाचा तोल गेला असल्याचे सरकारी कागद म्हणू लागले. १८८२ मध्ये राज्यकारभार अधिकृतपणे रीजंटाच्या हाती गेला. कागलचे जहागीरदार जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे रीजंट झाले.

हे निदान कोणी केले, कोणत्या चौकशीने, हे पाहताना त्या काळचा कायदा शेजारी ठेवावा लागतो. १८५८ मध्ये सरकारने वेडाबद्दल लागोपाठ तीन कायदे केले: ३४, ३५ आणि ३६ क्रमांकांचे. पहिला मुंबईसारख्या इलाखा शहरांतल्या वरिष्ठ न्यायालयांसाठी, दुसरा मुफसलातल्या, म्हणजे या शहरांबाहेरच्या, इस्टेटींसाठी, तिसरा वेड्यांच्या इस्पितळांसाठी. यांतला ३५ क्रमांकाचा कायदा सोलापूर जिल्ह्याला लागू होता. बार्शीच्या एखाद्या सावकाराला त्याचे भाऊबंद वेडा ठरवू पाहत असतील, तर त्यांना दिवाणी न्यायालयात अर्ज करावा लागे. न्यायालय चौकशी लावी, ज्याच्याबद्दल अर्ज असे त्याला तारीख-वेळेची नोटीस जाई, आणि न्यायाधीश त्याला समोर बोलावून स्वतः प्रश्न विचारू शके. ही व्यवस्था निर्दोष नव्हती, पैसेवाल्यापुरतीच होती. पण सावकाराला निदान आपले तोंड उघडता येत होते. कोल्हापूर हे संस्थान. तिथे हा कायदा नाही. छत्रपतींच्या वेडाचा निर्णय पोलिटिकल खात्याच्या पत्रव्यवहारात झाला. बार्शीच्या सावकाराला जे मिळाले असते ते करवीरच्या गादीच्या धन्याला मिळाले नाही, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला खरा अन्याय इथे आहे.

पुण्यात १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले होते. केसरीचे संपादक गोपाळ गणेश आगरकर, मराठाचे बाळ गंगाधर टिळक, दोघेही पंचविशीतले. त्या वर्षाच्या अखेरीपासून दोन्ही पत्रांनी कोल्हापूरचा विषय लावून धरला. महाराजांचा छळ होतो आहे, त्यांना वेडे ठरवण्याचा किंवा वेडे करण्याचा डाव आहे, आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा त्यांचा रोख होता. आधाराला त्यांच्याकडे काही पत्रे आली होती. ती बर्व्यांनीच लिहिलेली आहेत असे सांगितले गेले आणि संपादकांनी ते मानले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. मुंबई हायकोर्टात खटला चालला, आरोपींच्या बाजूने फिरोजशहा मेहता उभे राहिले. पण पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली. बर्व्यांनी फिर्याद मागे घेतली नाही. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली.

हे प्रकरण आपण सहसा टिळक-आगरकरांच्या चरित्रातले पहिले तेजस्वी पान म्हणून वाचतो. मुंबईतला डोंगरीचा तुरुंग, तिथे ऐन कैदेत आलेला टिळकांचा सव्विसावा वाढदिवस, २६ ऑक्टोबरची सुटका, जामिनासाठी धावलेले रामशेठ उरवणे, सत्कारात पुढे असलेले जोतीराव फुले आणि नारायण मेघाजी लोखंडे. हे सगळे घडले आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. पण त्या पानावरून महाराज मात्र नाहीसे होतात. ज्या माणसासाठी खटला झाला तो कुठे होता, कोणाच्या पहाऱ्यात, त्याच्याशी कोण कसे वागत होते, हा प्रश्न निकालाबरोबर बाजूला पडला.

तसे का झाले? दोन वेगळे प्रश्न एकाच पुराव्याला बांधले गेले म्हणून. महाराजांना कोणी कट करून वेडे केले काय, हा एक प्रश्न. वेडे असोत वा नसोत, त्यांच्यावर होणारा इलाज हा इलाज आहे की बंदिवास, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी कटाचे पुरावे हवेत. दुसऱ्यासाठी पहारेकरी, खोली, भेटीगाठींची मनाई, डॉक्टरांची नोंद एवढे पुरते. संपादकांनी सगळा भार पहिल्यावर टाकला. पत्रे खोटी निघताच न्यायालयाला कट नाकारता आला, आणि त्याबरोबर कोंडून ठेवण्याबद्दलची शंकाही खोटी पडल्यासारखी झाली. सरकारची बाजू कागदावर भक्कम झाली ती बनावट पत्रांमुळे. खोट्या पुराव्याने खऱ्या माणसाचे किती नुकसान होते, याचे याहून दुःखद उदाहरण मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात मला माहीत नाही.

इथे वैद्यकाची तेव्हाची मजल लक्षात घेतली पाहिजे. १८८२ मध्ये वेडावर औषध असे नव्हतेच. पोटॅशियम ब्रोमाइड होते, १८६९ पासून क्लोरल हायड्रेट होते. दोन्ही माणसाला गुंगीत ठेवीत. मनोविकारावरची पहिली खरी परिणामकारक गोळी, क्लोरप्रोमाझिन, यायला १९५२ साल उजाडावे लागले. म्हणजे चौथ्या शिवाजींच्या डॉक्टरने 'वेड' असे लिहिले तेव्हा त्या लिहिण्यातून बरे होण्याची वाट निघत नव्हती. निघत होता तो पहारा. संपादकांना शिक्षा झाली तेव्हा सुटकेची तारीख ठरलेली होती. आगरकरांनी बाहेर येऊन 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' लिहिले. महाराजांच्या कोंडण्याला तारीखच नव्हती. तुरुंगात आगरकरांनी शेक्सपीअरच्या हॅम्लेटच्या भाषांतरावर काम केले, ते १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून छापून आले. वेडा आहे की नाही, याचा भोवतालच्या सगळ्यांना पेच पडलेल्या राजपुत्राचे हे नाटक. निवड योगायोगाने झाली असे मला वाटत नाही.

महाराजांना अखेर नगरच्या किल्ल्यात ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी त्यांची झटापट झाली आणि त्यात त्यांचा अंत झाला. वय अवघे २०. पत्रे बनावट ठरून दीड वर्षही झाले नव्हते. पुण्याच्या संपादकांनी केलेला कटाचा आरोप या मृत्यूने सिद्ध होत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण जो दुसरा प्रश्न न्यायालयात नीट विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर नगरच्या किल्ल्यात मिळाले. मनाने आजारी मानलेल्या वीस वर्षांच्या मुलाच्या सांभाळाला सैनिक नेमलेला होता.

१७ मार्च १८८४ रोजी महाराजांच्या राणी आनंदीबाईसाहेबांनी कागलच्या यशवंतरावांना दत्तक घेतले. तेच पुढे राजर्षी शाहू. ते रीजंट आबासाहेबांचे चिरंजीव, म्हणून काही जण मागे जाऊन वेडाच्या निदानातच हेतू शोधतात. वारस कोण झाला यावरून आधीचे निदान खोटे ठरवणे हा पुरावा नव्हे. बनावट पत्रांवर विसंबण्याचीच ती दुसरी तऱ्हा आहे. चौथे शिवाजी आजारी असतीलही. लहानपणी तुटलेल्या, सतत नजरेखाली वाढलेल्या मुलाचे मन आजारी पडणे अजिबात अशक्य नाही. आजारी असणे आणि कोंडले जाणे, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

शंका घ्यायची दुसरी रीत दहाच वर्षांनी दिसली, आणि गंमत म्हणजे ती सरकारनेच दाखवली. गांजा ओढल्याने माणसे वेडी होतात असे वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे वर्षानुवर्षे सांगत होते. १८९३ च्या जुलैमध्ये गांजा, भांग, चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. त्यात मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते आणि तीन हिंदी सभासद. आयोगाने १,१९३ साक्षी घेतल्या. पण सर्वांत मोलाचे काम केले ते इस्पितळांच्या नोंदवह्यांवर. १८९२ सालात देशभरात १,३४४ माणसे दाखल झाली होती. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिलेली. आयोगाने हे २२२ कागद तसेच उचलून बेरजेत घातले नाहीत. प्रत्येकाच्या मूळ गावी चौकशी लावली, नातेवाईक आणि शेजारी यांना विचारले, डॉक्टर आणि मॅजिस्ट्रेट यांच्याकडून तपासून घेतले. उरले किती? ९८. त्यांतही केवळ गांजा-भांग हे कारण ६१ जणांत. ३७ जणांत आणखी कारणे मिसळलेली.

बाकीचे १२४ कसे काय नोंदले गेले? आयोगाने ते उलगडून दाखवले. माणूस पोलिसांच्या हाती लागे, सोबत वर्णनाचा कागद जाई, कागदात कारणाचा रकाना असे, आणि तो रिकामा ठेवायला कोणाला आवडत नसे. पंढरपूरच्या वाटेवर एखादा भ्रमिष्ट बैरागी सापडला आणि त्याच्या झोळीत चिलीम निघाली, तर शिपायाला आणखी काय हवे? इस्पितळातले डॉक्टर बहुतेक जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन, मनोविकारांचे वेगळे शिक्षण नसलेले. पोलिसाने लिहिलेले त्यांच्या वहीत उतरे, वहीतून वार्षिक अहवालात, अहवालातून पार्लमेंटात.

आयोगाने वेड खोटे आहे असे म्हटले नाही. ते १२४ लोक बहुतेक आजारीच होते. खोटे होते ते कारण. शंका एकेका माणसाच्या घरापर्यंत गेली, म्हणून ती टिकली. केसरी-मराठाच्या संपादकांचे मन खरे होते, धैर्य तर विलक्षण. पण त्यांची शंका एका गठ्ठ्यावर उभी होती आणि तो गठ्ठा कोसळला.

म्हणून आज सगळे मानसोपचार थोतांड, सगळ्या गोळ्या विष असे कोणी म्हणते तेव्हा मला डोंगरी आठवते. आणि डॉक्टरांनी लिहिले म्हणजे प्रश्न संपला असे कोणी म्हणते तेव्हा त्या २२२ नोंदी. गोळी चालू ठेवायची की कमी करायची, हे ज्याचे त्याने लिहून देणाऱ्याला समोर बसवून, कारण विचारून ठरवावे. घाऊक श्रद्धेने किंवा घाऊक संतापाने ते ठरत नाही, आणि एका दिवसात गोळी बंद करण्याने अनेक घरांचे हाल झालेले आहेत.

१८५८ चे कायदे जाऊन १९१२ चा आला, तो जाऊन १९८७ चा, आणि २०१७ मध्ये मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला. त्याचे तिसरे कलम सांगते की कोणाची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती पाहून, किंवा तो समाजाच्या, नीतीच्या, कामाच्या चाकोरीत बसत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. निदान झाले एवढ्यावरून माणूस कायद्याच्या दृष्टीने वेडा ठरत नाही. ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचे. आणि पंचविसाव्या कलमाप्रमाणे आपल्या उपचारांची कागदपत्रे पाहण्याचा हक्क रुग्णाला आहे. सोलापुरात असो वा कोल्हापुरात, फाईल मागता येते.