थंड देशाचे इंजिन, वऱ्हाडचे ऊन : मोटारीच्या हवाप्रवेशातील स्थानिक फेरबदलांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात रेल्वे, कापूस आणि सरकी-रुईचे कारखाने यांना मानाचे स्थान मिळाले आहे आणि ते योग्यच आहे. मोटारीचा इतिहास मात्र अद्याप उपेक्षित राहिला आहे. जो थोडाफार लिहिला गेला तो कारखानदारांचा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स, १९४८ मध्ये सुरू झालेली एस.टी. असे टप्पे आपण सांगतो. परंतु गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर तिचे काय झाले, ती ज्या हवेत चालली त्या हवेने तिच्यात कोणते बदल घडवून आणले, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमात येतच नाही. डेव्हिड एजर्टन यांच्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथाने तंत्रज्ञानाचा इतिहास शोधापेक्षा वापराच्या व दुरुस्तीच्या अंगाने लिहिण्याचा आग्रह धरला. डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) मध्ये सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांच्या आधारे भारताचा असा इतिहास मांडून दाखविला. प्रस्तुत निबंधात हीच दृष्टी एका लहानशा विषयाला, म्हणजे इंजिनात साचून राहणारी उष्णता आणि ती कमी करण्यासाठी हवा आत घेण्याच्या मार्गात केले गेलेले फेरबदल यांना, लावून पाहिली आहे.

कौंडण्यपूर आणि सडक

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर प्राचीन विदर्भाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध आहे. डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९६० च्या दशकात येथे उत्खनन केले, तेव्हापासून पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. या गावाला रेल्वे नाही. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, पण तो बडनेरा, चांदूर, धामणगाव असा दक्षिणेकडून गेला. नदीपलीकडे आर्वीला पुलगावहून अरुंद मापाची गाडी येत असे, तीही अलीकडच्या तीराला उपयोगाची नव्हती. त्यामुळे यात्रेकरू येथे येणार ते पायी, बैलगाडीने किंवा मोटारीने. गावाच्या आधुनिक दळणवळणाचा इतिहास म्हणजे जवळजवळ संपूर्णपणे सडकेचाच इतिहास होय. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी त्याही पलीकडे. अशा दिवसांत प्रवासी उतरवून देवळापाशी अर्धा तास उभी राहिलेली गाडी पुन्हा चालू होत नाही, हा अनुभव एकेकाळी या भागात इतका सार्वत्रिक होता की त्याची कोणी नोंदच केली नाही. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट सहसा दप्तरात उतरत नाही. इतिहासलेखनाची ही जुनीच अडचण आहे.

उष्णता साचते म्हणजे काय

गाडी चालू असताना पंखा, पाण्याचा पंप आणि रेडिएटर मिळून उष्णता बाहेर टाकत असतात. इंजिन बंद होताच ही सर्व यंत्रणा थांबते. तापलेले ओतीव लोखंड आणि धूर बाहेर नेणारे त्याहून कितीतरी अधिक तापलेले मॅनिफोल्ड मात्र तसेच असतात. बंद बॉनेटखाली ती उष्णता वर चढते आणि कार्बोरेटर, पेट्रोलची नळी, पंप व हवेची नळी यांत मुरते. म्हणूनच चालत्या गाडीपेक्षा नुकत्याच थांबलेल्या गाडीचे कार्बोरेटर अधिक तापते. यालाच मोटारीच्या परिभाषेत हीट सोक म्हणतात.

याचे दोन परिणाम होतात आणि ते परस्परविरुद्ध आहेत. पंपात व नळीत पेट्रोलची वाफ झाली तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचतच नाही, हे व्हेपर लॉक. उलट कार्बोरेटरच्या वाटीतच पेट्रोल उकळले तर ते उतू जाऊन आत गळते आणि मिश्रणात पेट्रोलच अति होते. चालकाला दोन्ही वेळा दिसते ते एकच, गाडी चालू होत नाही. पहिल्या दोषावर थंडावा हा उपाय, दुसऱ्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल मारणे. कोणता दोष कोणत्या वेळी आहे हे पेट्रोलच्या वासावरून ओळखणारा मिस्त्री हा, माझ्या मते, निदानशास्त्रच वापरत होता. त्याच्याकडे पाठ्यपुस्तक नव्हते इतकेच.

तिसरा परिणाम शक्तीवरचा. हवेची घनता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. १५ अंश तापमानाच्या हवेशी तुलना केली असता ४५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के, तर बॉनेटखालची ६० अंशांची हवा सुमारे १३ टक्के विरळ असते. सिलिंडरमध्ये तितका प्राणवायू कमी जातो. भरलेल्या गाडीला चढावर हा फरक जाणवल्यावाचून राहत नाही.

मूळ रचना कोणासाठी होती

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. ही केवळ रचनेतील चूक नव्हती. हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसेडर ही ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली गाडी. १९५० च्या दशकाअखेर ती आली आणि २०१४ पर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. दीर्घकाळ तिला बसविले जाणारे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले होते. या इंजिनात हवा आत घेण्याचे आणि धूर बाहेर टाकण्याचे मार्ग एकाच बाजूला आहेत. कार्बोरेटर तापलेल्या मॅनिफोल्डच्या शेजारी, जवळजवळ त्याच्या डोक्यावर बसतो. इंग्लंडच्या थंड व दमट हवेत हा शेजार हितावह होता. पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर इतका गार पडतो की हवेतील बाष्प गोठून त्यात बर्फ धरतो. खालून मिळणारी ऊब ते टाळते आणि थंडीत पेट्रोल नीट हवेत मिसळू देते. युरोपातील कित्येक गाड्यांच्या एअर क्लीनरचे तोंड हिवाळ्यात मॅनिफोल्डकडे आणि उन्हाळ्यात त्याच्यापासून दूर फिरविण्याची सोय असे. म्हणजे हिवाळा हा तेथे रचनेचा गृहीत भाग होता. वऱ्हाडात ही ऊब लागत नव्हती असे नाही, डिसेंबरच्या पहाटे लागतही असेल. पण वर्षाचे चार महिने ती शत्रू ठरली.

वसाहतकाळातून आलेल्या संस्था व कायदे यांविषयी आपण ज्या प्रकारचे विवेचन करतो, तसे यंत्राविषयी क्वचितच करतो. यंत्रातही एक भूगोल दडलेला असतो.

स्थानिक उपाय

पहिला उपाय सर्वश्रुत आहे. पेट्रोल पंपावर ओले फडके. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, हेच तत्त्व माठाचे, वाळ्याच्या ताट्यांचे आणि ट्रकच्या पुढे टांगलेल्या छागळीचे. वऱ्हाडातील उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने ओल्या फडक्याचा गुण येथे चांगला येतो. मुंबईच्या दमट हवेत तो इतका येणार नाही. घराघरातील कूलरही याच कोरडेपणावर चालतो. त्यामुळे या उपायाला अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. तो या हवेला अनुरूप उपाय होता.

दुसरा वर्ग फेरबदलांचा. मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत घालणे. कार्बोरेटरच्या बुडाशी उष्णता न वाहणारे जाड पॅकिंग बसविणे. पेट्रोलची नळी इंजिनापासून दूर वळवून नेणे. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून फट ठेवणे, म्हणजे गरम हवा वर निघून जाते. आणि एअर क्लीनरला होस पाईप जोडून त्याचे दुसरे टोक पुढील जाळीपाशी नेणे.

या सर्वांचे मूल्य सारखे नाही. होस पाईपने बाहेरची हवा घेण्याचा लाभ गाडी चालू असताना होतो. गाडी उभी राहिली की पाईपमधली हवाही उभी राहते, आणि पाईप धातूचा असेल तर तोही तापतो. थांबलेल्या गाडीच्या दुखण्यावर खरा गुण पत्र्याच्या आडभिंतीचा आणि जाड पॅकिंगचा, कारण ते उष्णतेची वाटच अडवतात. दिसायला मात्र पाईप उठून दिसतो, पॅकिंग कोणाला दिसत नाही. पुढे हौशी मोटारप्रेमींत उघड्या शंक्वाकृती फिल्टरची जी आवड पसरली तिच्यातही हाच घोटाळा आढळतो. असा फिल्टर बॉनेटखाली आडोशाविना बसविला तर तो आवाज वाढवतो आणि तापलेलीच हवा ओढतो.

शिवाय वऱ्हाडची हवा नुसती उष्ण नाही. काळ्या मातीची बारीक धूळ, आणि हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारे कापसाचे तंतू, यांना अडविण्यासाठी तेलाच्या वाटीचा जुना एअर क्लीनर फार उपयोगी होता. तो काढून टाकणे म्हणजे गारव्यासाठी सिलिंडर झिजविणे. हवेचे तोंड खाली बंपरपाशी नेले तर मे महिन्यात बरे वाटते, पण जुलैत भरलेल्या नाल्यातून गाडी घालताना तेच तोंड पाणी ओढते. पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कायमचे जाते. तीन ऋतूंचा हा हिशेब ज्याने सांभाळला त्याचाच फेरबदल टिकला.

इंजेक्शन, टर्बो आणि नंतर

२००० च्या सुमारास प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि पेट्रोल गाड्यांतून कार्बोरेटर नाहीसा होत गेला. पंप टाकीतच बसू लागला, पेट्रोल दाबाखाली राहू लागले आणि दाबामुळे त्याचा उत्कलनबिंदू वाढला. व्हेपर लॉक हा शब्द नव्या चालकांना ठाऊकही नाही. तरी साचलेली उष्णता संपली नाही, तिचे रूप पालटले. आत येणाऱ्या हवेचे तापमान आता संवेदक मोजतो; तो तापला की संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि गाडी मंद वाटते.

डिझेलमध्ये हा प्रश्न टर्बोबरोबर आला. दाबलेली हवा शंभर अंशांच्या पुढे तापते, म्हणून तिला इंटरकूलरमधून गार करून आत सोडावे लागते. नाशिकच्या कारखान्याशी जिचे नाव जोडले गेले ती महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली. तिच्या बॉनेटवरील तोंड अनेकांना शोभेचे वाटले, वस्तुतः ते इंजिनाच्या डोक्यावर बसविलेल्या इंटरकूलरला वारा देण्यासाठी होते. चालत्या गाडीत ही जागा सोयीची. गाडी थांबली की खालची उष्णता थेट त्यालाच लागते. ॲम्बॅसेडरच्या कार्बोरेटरचे दुखणे अर्ध्या शतकानंतर नव्या भागाला जडले, असे म्हणता येईल.

साधनांचा प्रश्न

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ काटेकोरपणे लावला. साधे पॅकिंग वा पत्रा यांची नोंदणीत कधीच नोंद नसते. त्यामुळे हे फेरबदल कायद्याच्या कक्षेत जितके येत नाहीत तितकेच ते अभिलेखांतही येत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानंतर जुन्या गाड्या भंगारात जाण्याचा वेग वाढेल हे उघड आहे, आणि गाडीबरोबर तिच्यात बसविलेला पत्राही जाईल. कौंडण्यपूरच्या टेकाडातून निघालेल्या खापराच्या तुकड्याला आपण क्रमांक देतो, त्याचे रेखाटन करतो. चाळीस वर्षांपूर्वी कोणा मिस्त्रीने कातरलेल्या पत्र्याचे रेखाटन अजून करता येण्याजोगे आहे, कारण तो कातरणारी माणसे अमरावती, तिवसा, मूर्तिजापूर, अकोला येथे आज सत्तरीच्या घरात आहेत. इतिहास विभागांच्या लघुसंशोधन प्रकल्पांत मौखिक इतिहासासाठी विषय शोधला जातो, तेव्हा यांत्रिकी विभागातील सहकाऱ्यांना सोबत घेऊन प्रत्येक फेरबदलाचे माप, वापरलेले साहित्य, गाडीचे साल आणि कोणत्या ऋतूतील अडचणीवर तो केला गेला, एवढ्या चार रकान्यांची नोंदवही तरी विद्यार्थ्यांच्या हाती देता येईल.