मुखवट्याची मागची बाजू

श्रोतेहो, भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या तोंडावर सोलापूरच्या नवी पेठेत गेलात आणि एखादा पितळी मुखवटा हातात आला, तर तो आधी उलटा करून पाहा. आतून पोकळ, आणि गळा कोठीवर बसेल असा. साडी नेसवून उभी केलेली महालक्ष्मी ज्याने कधी पाहिली नाही, त्याला हे नुसते डोके कशासाठी, हे काय कळणार? सांगणारी आजी गेली, की असा मुखवटा मोडीत वजनावर जातो.

रोमन मुखवट्यांपुढे विद्वानांची हीच पंचाईत होते. रोमन नट मुखवटे घालीत. पण ते कापडाचे, लाकडाचे, त्यामुळे टिकले नाहीत. संग्रहालयांत दिसतात ते बहुधा दगडाचे, भाजक्या मातीचे, ब्राँझचे. ते तोंडाला बांधायचे नव्हेत. मग कशाचे? 'शोभेचे' म्हणून सुटता येत नाही. शोभा कोणत्या वस्तूची, ते सांगावे लागते. संगमरवरी मुखवट्याला वर कडीची जागा असेल, तर तो बागेभोवतीच्या खांबांमध्ये टांगलेला. पॉम्पेईच्या 'सोनेरी मदनांच्या घरात' असे मुखवटे सापडले. तोंडातून नळी गेलेली असेल तर कारंजाचा. ब्राँझचा लहानसा, मागे शिसे भरलेला असेल तर पलंगाचा किंवा पेटीचा असू शकतो. आणि पाठ वळलेली असेल तर सुरईचा, मूठ जिथे पोटाला टेकते तिथला. मला हा शेवटचा फार आवडतो. पाणी ओतताना रोज हाताखाली एक चेहरा!

रोमन सामान आपल्याकडेही येई. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ साली उत्खनन झाले. तिथल्या ब्राँझच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची मूर्ती आहे. आणि धाराशिव जिल्ह्यातले तेर तर आपल्या शेजारचेच. ग्रीक व्यापाऱ्याच्या वृत्तान्तातले 'तगर' ते हेच, असे फ्लीटसाहेबांनी १९०१ साली मांडले. तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई.

शिक्षकबंधूंनो, तेरला सहल नेलीत तर लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मुलांना जरूर दाखवा. याच धाटणीची एक मूर्ती १९३८ साली पॉम्पेईत निघाली. ते गाव इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणजे मूर्ती त्याआधीची. कोणी तिला लक्ष्मी म्हटले, कोणी यक्षी. कोणाला ती आरशाची मूठ वाटली. पण तिच्या डोक्यात वरून खाली भोक पाडलेले आहे. तेव्हा पुष्कळांचे मत असे, की ती एखाद्या छोट्या तिवईचा पाय असावी.