पोटातली चौदा इंजेक्शने: एका जुन्या भीतीचा इतिहास

“कुत्रा चावला म्हणून दवाखान्यात गेलो, तर पोटात चौदा इंजेक्शने देतील.” चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या गावांत ही भीती अजून गेलेली नाही. मग जखमेवर मिरची, चुना लावला जातो किंवा मांत्रिकाकडे धाव घेतली जाते. ही भीती कुठून आली, ते समजून घेऊ या.

कुत्र्याच्या मेंदूला सूज अनेक कारणांनी येते. कधी डिस्टेंपरचा विषाणू असतो, तर कधी शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. प्रतिकारशक्ती उलटली असेल तर पशुवैद्य स्टेरॉइड देतात आणि बरीच कुत्री सुधारतात. रेबीजची लक्षणे दिसल्यावर मात्र उपचार नाही. ना कुत्र्याला, ना माणसाला. म्हणून लस हाच मार्ग.

१८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली लस दिली. मुलगा वाचला. पुढे १९११ मध्ये डेव्हिड सेम्पल यांनी कसौली येथे मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली. पोटात घेतली जाणारी ती हीच. तिने असंख्य जीव वाचवले. पण लसीत मेंदूचा अंश असल्याने काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर उलटे आणि लकवा होई. म्हणजे तुमच्या आजोबांची भीती खोटी नव्हती.

भारतात २००४ च्या अखेरीस ही लस बंद झाली. आजच्या लसीत मेंदूचा अंश नसतो. ती दंडात किंवा त्वचेत, चार-पाच वेळा दिली जाते आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

चावल्यावर काय कराल?

• जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद लावू नका.
• त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्रा पिसाळतो का, याची वाट पाहू नका.
• जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते.
• मोहफुले वेचताना अस्वल, कोल्हा, लांडगा चावला तरी हेच करा.
• पाळीव कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात लस द्या आणि पुढचे डोस चुकवू नका.

चौदा इंजेक्शनांचा काळ गेला. रेबीज मात्र अजून गेलेला नाही.