लाल-पांढऱ्या डब्याची गोष्ट

तुंगार्लीतून आजचा एपिसोड.

वाचता येत नसलेलं गिऱ्हाईक दुकानात काय मागतं? "तो लाल-पांढरा डबा द्या." २००३ मध्ये याच रंगांसाठी कोलगेट मुंबईच्या अँकरविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेली. दंतमंजनाचा डबा, एक तृतीयांश लाल, बाकी पांढरा. नावं वेगळी होती, तरी कोर्टाने अँकरला त्या रंगसंगतीची अंतरिम मनाई केली. त्याच वर्षी लागू झालेल्या ट्रेडमार्क कायद्यातही रंगसंगतीला जागा मिळाली.

स्क्रीनवर मात्र गोष्ट वेगळी. १९८८ मध्ये अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टवर कॉपीराइटचा खटला भरला, आणि हरली. खिडक्या-आयकॉनची कल्पना एकट्याची नसते.

पण आपली आजी पेमेंट अ‍ॅप रंगावरूनच ओळखते ना? मग तो रंग कुणी चोरला, तर पैसे आजीचे जातील.