पक्षाघातानंतरचे पहिले महिने : यंत्रांचा संक्षिप्त इतिहास

१९९१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांच्या गटाने ‘एमआयटी-मॅनस’ हे यंत्र तयार केले. मॅनस म्हणजे लॅटिन भाषेत हात. पक्षाघाताने लुळा पडलेला हात यंत्राच्या भुजेला बांधायचा, रुग्णाने तो पडद्यावरील खुणेकडे नेऊ पाहायचा, आणि जिथे तो अडेल तिथे यंत्राने त्याला पुढे न्यायचे.

यंत्राची खरी ताकद हुशारीत नसून न थकण्यात होती. पक्षाघातानंतर मेंदू नवे मार्ग जुळवतो तो मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्याला पुनःपुन्हा सराव लागतो. परंतु २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतील एका पाहणीत असे दिसले की, नेहमीच्या फिजिओथेरपीच्या एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ च होतात. यंत्र एका सत्रात हजाराच्या घरात हालचाली करवून घेते.

मग यंत्र जिंकले का? येथे विद्यार्थी सहसा घाई करतात. ‘एव्हरेस्ट’ चाचणीत (२०१६) १४१ रुग्णांपैकी काहींना दोन आठवडे व्हिडिओ गेम दिला, तर उरलेल्यांना तितकाच वेळ पत्ते, बिंगो, चेंडू असे साधे खेळ. सारे रुग्ण नुकतेच, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, आजारी पडलेले होते. दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या ‘रॅटल्स’ चाचणीतही (२०१९) एमआयटी-मॅनसमुळे हाताचा रोजचा वापर नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारला नाही. लवकर आणि जास्त म्हणजे चांगलेच, हेही खरे नाही : ‘अव्हर्ट’ चाचणीत (२०१५) पहिल्या २४ तासांतच रुग्णांना वारंवार उठवून चालवल्याने निकाल उलट थोडे वाईट आले.

आपल्या देशात प्रश्न वेगळाच होता. यंत्र तर दूरच, घरी येणारा फिजिओथेरपिस्टही अनेकांना मिळत नाही. म्हणून ‘अटेंड’ चाचणीत (२०१७) भारतातील १४ केंद्रांवर १२५० रुग्ण घेऊन एका गटात घरच्याच माणसाला व्यायाम करवून घेण्याचे शिक्षण दिले. सहा महिन्यांनंतर मृत्यू व परावलंबन यांत फरक पडला नाही. हा निकाल निराश करणारा आहे, पण माझ्या मते या इतिहासातील सर्वांत प्रामाणिक प्रयत्न हाच. घरची सून किंवा मुलगा दिवसभराच्या कामानंतर आजोबांचा हात किती वेळा उचलू शकेल, हे त्याआधी एवढ्या प्रमाणावर कोणी मोजायला गेलेच नव्हते.