चित्रपटाची टायटल्स कशी बनतात? सुरुवातीच्या दोन मिनिटांमागचं तंत्र

सिनेमा सुरू होतो, पडद्यावर नावं यायला लागतात आणि आपण अजून सीट शोधत असतो. पण ही दोन-तीन मिनिटं फक्त नावांसाठी नसतात. पुढे घाबरायचंय की हसायचंय, याची कल्पना प्रेक्षकाला इथेच येते. म्हणून त्यावर वेगळी मेहनत घेतली जाते.

टायटल सीक्वेन्स म्हणजे नेमकं काय?

सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि निर्मिती संस्थेचा लोगो (उदा. 'प्रभात'ची तुतारी) हे वेगळे भाग. चित्रपटाचं नाव आणि श्रेयनामावली ज्या दृश्यांवर, संगीतासह येते, तो भाग म्हणजे टायटल सीक्वेन्स. काही चित्रपटांत आधी एक प्रसंग घडतो आणि मग टायटल्स येतात. त्याला 'कोल्ड ओपन' म्हणतात. बाँडपटांत ही पद्धत 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) पासून आहे.

तीन गाजलेली उदाहरणं

१) द मॅन विथ द गोल्डन आर्म (१९५५): त्या काळी अमेरिकेत बऱ्याच थिएटरांत नावं संपेपर्यंत पडदा बंदच ठेवत. सॉल बास यांनी या चित्रपटासाठी काळ्या पार्श्वभूमीवर सरकणाऱ्या पांढऱ्या पट्ट्या आणि शेवटी एक वेडावाकडा हात, एवढंच दाखवलं. विषय होता अमली पदार्थांचं व्यसन. नावं सुरू होण्याआधीच पडदा उघडा, अशी सूचना रिळांच्या डब्यांसोबत पाठवली होती, असं सांगतात.

२) स्टार वॉर्स (१९७७): दूर अवकाशात सरकत जाणारा तो पिवळा मजकूर कॉम्प्युटरवर केलेला नव्हता. सुमारे १.८ मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद फलकावर अक्षरं मांडली आणि कॅमेरा त्यावरून हळूहळू नेला. कॅमेरा तिरका असल्यामुळे लांबची अक्षरं लहान दिसतात. आज थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मजकूर मागे कलवून हाच परिणाम साधतात.

३) सेव्हन (१९९५): काइल कूपर यांनी अक्षरं हाताने खरवडून घेतली. पडद्यावर कोणीतरी वह्या शिवतोय, कागद कापतोय; चेहरा मात्र दिसत नाही. खुनी चित्रपटात खूप उशिरा समोर येतो, पण त्याची भीती इथूनच बसते. ती भूमिका करणाऱ्या नटाचं नावही या टायटल्समध्ये मुद्दाम दिलेलं नाही.

स्वतः करून बघायचंय?

'डाविंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती किंवा 'ब्लेंडर' यासाठी पुरेसं आहे.

• वेळ: सिनेमात सेकंदाला साधारण २४ फ्रेम असतात. नाव ३ सेकंद ठेवायचं तर ७२ फ्रेम लागतात. मजकूर सावकाश दोनदा वाचून होईल, इतका वेळ द्या.
• की-फ्रेम: अक्षरं कुठून निघणार आणि कुठे थांबणार, एवढं तुम्ही सांगायचं. मधल्या जागा सॉफ्टवेअर भरतं.
• कडा: नावं पडद्याच्या अगदी कडेला नेऊ नका. काही स्क्रीनवर ती कापली जातात.
• देवनागरी: इंग्रजी शिकवण्यांमध्ये एकेक अक्षर सुटं करून उडवायला सांगतात. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते, वेलांटी अक्षरापासून लांब पडते आणि जोडाक्षर मोडतं. त्यामुळे अख्खा शब्द हलवा. फॉन्ट निवडताना 'र्‍या', 'क्ष', 'त्र' टाइप करून बघा.

'स्किप'चं बटण आल्यावर काय?

२०१७ मध्ये नेटफ्लिक्सने 'स्किप इंट्रो'चं बटण आणलं. पण नावं सुरुवातीला दाखवायची की नाही, हा वाद त्याच्या कितीतरी आधीचा आहे. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मध्ये दिग्दर्शकाचं नाव शेवटी टाकलं म्हणून अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने दंड केला. जॉर्ज लुकास यांनी तो भरला आणि संघटनाच सोडली.

त्यांचा मुद्दा होता की प्रेक्षक थेट गोष्टीत शिरला पाहिजे. संघटनेचा मुद्दा होता की ज्याने काम केलं, त्याचं नाव लोकांनी वाचलं पाहिजे. चांगला टायटल सीक्वेन्स या दोन्ही गोष्टी एकदम करतो: गोष्ट सुरू झालेली असते आणि नावंही वाचली जातात. पुढच्या वेळी बटण दाबण्याआधी एकदा तरी तो पूर्ण बघा.